उत्तरेस तकिया

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना मी प्रकरण अभ्यास लिहायला शिकवते. पहिल्याच तासाला सांगते, की आपल्या घरचं प्रकरण घेऊ नका, लिहिताना हात अडतो. हे प्रकरण मात्र घरचंच आहे, आणि मी लिहिलं नाही तर ते कुणीच लिहिणार नाही. माणसांची नावं गाळली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

बडोद्याच्या जुन्या शहरात, वाडी भागात, आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. मालक चौघं: बाबांच्या मागे मी, पुण्याचे काका, कारेलीबागेतली आत्या आणि धाकटे काका गेल्यावर मांजलपूरची काकू. पुढच्या पडवीत साठ वर्षांहून जुना भाडेकरू, पुस्तकबांधणीचा कारागीर, धर्माने मुसलमान. २०२२ मध्ये वाडा विकायचं ठरलं आणि सगळ्यांत चांगला भाव त्या भाडेकरूच्या मुलानेच दिला. आम्ही चौघं राजी होतो, तोही राजी होता. पावणेदोन वर्षांनी विक्रीच्या परवानगीचा आमचा अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे बंद झाला, आणि विक्री झाली नाही. कुणी धमकी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. मग झालं काय, हे सांगण्यासाठी मला जमिनीपासून सुरुवात करावी लागेल.

कागद

विकायचं ठरल्यावर बाबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी खंडेराव महाराज गायकवाडांच्या वेळचा एक मोडी कागद होता, घड्यांवर विरलेला. मला मोडी येत नाही. दांडिया बाजारात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी तो भिंग लावून वाचून दिला. पणजोबांचे आजोबा फडणिशीत कारकून होते, त्यांना घर बांधायला जागा मिळाल्याचा तो कागद. शेवटी चतुःसीमा होती: पूर्वेस सरकारी गल्ली, पश्चिमेस सुताराचे घर, दक्षिणेस देवाची विहीर, उत्तरेस तकिया.

तकिया म्हणजे फकिराचं ठाणं. एखादं झाड, एखादी कबर, वाटसरूसाठी पाण्याचा रांजण. आमच्या घराची उत्तर हद्द दीडशे वर्षांपूर्वी एका फकिराच्या जागेने ठरवली होती, आणि लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. त्याने सुतार लिहिला, विहीर लिहिली, तसाच तकिया लिहिला.

या शहराचा पहिला लेखी उल्लेखही असाच जमिनीच्या कागदात आहे, फक्त तो कागद तांब्याचा आहे. शके ७३४, म्हणजे इ.स. ८१२ मध्ये, राष्ट्रकूट कुळातल्या कर्कराजाने वटपद्रक हे गाव एका ब्राह्मणाला दान दिलं. ताम्रपटात गावाच्या चतुःसीमा आहेत, आणि पश्चिमेला अंकोट्टक लिहिलं आहे, म्हणजे आजचं अकोटा. त्याच अकोट्यात पुढे जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, तो आज बडोद्याच्या संग्रहालयात आहे. म्हणजे पहिल्या ओळीपासूनच इथे जमीन, धर्म आणि शेजार एका पत्र्यावर कोरलेले आहेत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातच्या सुलतानाच्या वेळी तटबंदीचं नवं शहर वसलं, मधोमध मांडवी आणि चार दिशांना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी हे चार दरवाजे. १७३४ मध्ये गायकवाडांनी ते बाबी घराण्याकडून घेतलं आणि मग राखलं. त्यांच्यामागे आम्ही आलो, शिलेदार, कारकून, भटजी, कीर्तनकार. इथले लोक आम्हाला ‘दक्षिणी’ म्हणत. तलवारीने मिळालेल्या गावात आम्हाला लेखणीने जागा मिळाली, हे मला त्या मोडी कागदामुळे पहिल्यांदा नीट कळलं. ‘आमचा वडिलोपार्जित वाडा’ हे शब्द तेव्हापासून मी जरा जपून बोलते.

वाडा आणि त्यातली माणसं

रस्त्याकडे तोंड करून पडवी, पडवीत बांधणीचं दुकान, त्यामागे चौक, दोन्ही अंगांना खोल्या, वर माडी, आणि अगदी मागे परसात औदुंबर. औदुंबराखाली दत्ताच्या पादुका. १९१४ मध्ये गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, समाधिस्थ झाले. पणजोबा त्यांचे अनुग्रहित. त्यानंतर त्यांनी या पादुका बसवल्या. दर गुरुवारी सकाळी सातला गुरुजी येतात, गल्लीतल्या चार बायका येतात, आरती होते. आमच्यापैकी तिथे वीस वर्षांत कुणी राहत नाही. गुरुजींना दार उघडतात ते बाइंडरचाचा, कारण किल्ली त्यांच्याकडे असते.

चाचांचं दुकान मी लहानपणापासून बघत आले. मैद्याची खळ शिजवताना ते चिमूटभर मोरचूद टाकतात, कसर लागू नये म्हणून. त्या निळसर खळीचा वास म्हणजे माझ्यासाठी आजोळाहून जवळचं काहीतरी आहे. आमच्या गुरुचरित्राची पोथी त्यांच्या वडिलांनी एकदा आणि त्यांनी दोनदा बांधली. पोथी हातात घेण्याआधी ते हात धुतात. याचा कुणी फार मोठा अर्थ लावू नये, कोणतंही पुस्तक घेताना ते हात धुतात.

भाडं महिना ६० रुपये. वाढवायचं कुणाला सुचलं नाही आणि त्यांनीही सुचवलं नाही. पावसाळ्यात कौलं त्यांनीच शाकारली.

१९८२

वाडा पूर्वी आजच्या दुप्पट होता. पूर्वेचा अर्धा भाग चुलत आजोबांचा. १९८१-८२ च्या दंगलींत वाडीवर कर्फ्यू बसला तेव्हा आत्या बाळंतपणाला माहेरी होती. बाळ अकरा दिवसांचं. दूध मिळत नव्हतं, दाई येऊ शकत नव्हती, रात्री माडीवरून मांडवीच्या बाजूला जाळ दिसे. कर्फ्यू उठला आणि पंधरा दिवसांत चुलत आजोबांनी आपला अर्धा भाग एका दलालाला १८,००० रुपयांना देऊन टाकला. दलाल हिंदूच होता. तो येऊन म्हणाला होता, की आज १८ मिळतायत, पुढच्या वेळी पळून जावं लागेल आणि काहीच मिळणार नाही. दोन वर्षांत त्याने ती जागा तिप्पट भावाने विकली. चुलत आजोबा उरलेलं आयुष्य वाघोडिया रोडच्या दोन खोल्यांत त्या सौद्याबद्दल बोलत राहिले. बोलणं कायम एकाच वाक्यावर येऊन थांबे: ‘सही माझीच होती, पण मी केली नव्हती.’

हे मी इथे लिहिते आहे, कारण पुढे ज्या कायद्याबद्दल सांगायचं आहे त्याची गरज काय होती हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, घरातून कळलं आहे. भीतीच्या भावाने घर विकणारा माणूस मी पाहिला आहे.

अशांत धारो

१९८५ मध्ये अहमदाबादेत मोठ्या दंगली झाल्या. लोक जीव मुठीत धरून मिळेल त्या किमतीला घरं विकत होते आणि दलाल दोन्हीकडून कमावत होते. १९८६ मध्ये त्यावर कायदा आला, १९९१ मध्ये त्याच्या जागी आजचा कायदा आला. बोली नाव ‘अशांत धारो’. सरकार एखादा भाग अशांत म्हणून जाहीर करतं. त्या भागात घर, दुकान, जमीन विकायची, बक्षीस द्यायची किंवा भाड्याने द्यायची, तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. तिच्याशिवाय झालेला दस्तावेज रद्दबातल. कायद्याच्या शब्दांत हिंदू नाही, मुसलमान नाही. हिंदूने हिंदूला विकलं तरी अर्ज करावाच लागतो. आणि कायद्याच्या नावातच दुसरी अर्धी गोष्ट आहे, जी लोक विसरून जातात: अशांत भागातल्या भाडेकरूंना जागेतून हुसकावण्यापासून संरक्षण.

मूळ कायद्यात परवानगी देणाऱ्याने दोन गोष्टी बघायच्या आहेत. विकणारा राजीखुशीने विकतो आहे का? आणि किंमत वाजवी आहे का? चुलत आजोबांच्या सौद्याला हे दोन प्रश्न विचारले गेले असते, तर तो तिथेच थांबला असता. म्हणून मी या कायद्याला सरसकट वाईट म्हणायला तयार नाही.

२०१९ मध्ये विधानसभेने त्यात दुरुस्ती केली, २०२० मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. आधी शिक्षा सहा महिन्यांपर्यंत होती. ती तीन ते पाच वर्षं झाली, आणि दंड एक लाख रुपये किंवा जंत्रीच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमतीच्या, दहा टक्के, यांतला जो जास्त तो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक तिसरा प्रश्न कायद्यात शिरला: या विक्रीने भागातल्या वस्तीचा समतोल बिघडेल का, एका समाजाचे लोक एके ठिकाणी गोळा होतील का? जानेवारी २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने नव्या कलमांखाली अधिसूचना काढायला अंतरिम मनाई केली. त्याच्या आधी, २०२० मध्ये, बडोद्यातल्याच एका दुकानाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की राजीखुशी आणि वाजवी किंमत एवढंच बघायचं, शेजाऱ्यांच्या हरकतींवर परवानगी अडवायची नाही. पुढे त्या खरेदीच्या विरोधात गेलेल्या लोकांचा अर्ज न्यायालयाने दंड लावून फेटाळला.

हे सगळं माहीत असल्यामुळे मी निर्धास्त होते. माझ्या समजुतीत चूक नव्हती. फक्त कायदा कागदावर कुठे संपतो तेवढंच मला माहीत होतं, तो गल्लीत कुठून सुरू होतो ते नव्हतं.

अर्ज

२०२२ च्या पावसात मागच्या भिंतीला पोट आलं आणि जर्जरित इमारतीची नोटीस लागली. दुरुस्तीचा खर्च आमच्यापैकी कुणाला झेपणारा नव्हता. तीन भाव आले. एका बिल्डरचा ४८ लाखांचा, समोरच्या सोनाराचा ५२ लाखांचा आणि चाचांच्या मोठ्या मुलाचा ७१ लाखांचा. त्याचं छपाईचं काम चांगलं चालतं. त्याला पुढे बांधणी तशीच ठेवायची होती आणि वर राहायला यायचं होतं. जंत्रीप्रमाणे जागेची किंमत ३६ लाख होत होती. नोव्हेंबरमध्ये आम्ही अर्ज केला. पेढीनामा म्हणजे वंशावळ, प्रॉपर्टी कार्ड, चौघांचे सोगंदनामे म्हणजे प्रतिज्ञापत्रं, घेणाऱ्याचा सोगंदनामा, आणि पुन्हा चतुःसीमा. या वेळी चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावं होती.

चौकशीला जमादार आले, चौकात खुर्चीवर बसून शांतपणे जबाब लिहून घेतले. आजूबाजूच्या लोकांचेही जबाब झाले. थोड्याच दिवसांत हरकतीचा कागद आला, खाली ४१ सह्या. मी एकेक नाव तपासलं, शिकवण्याच्या सवयीने. आमच्या गल्लीत राहणारी त्यातली १४. बाकीचे आसपासच्या पोळांतले, आणि नऊ जण असे, की ज्यांचं जुनं घर इथे आहे पण राहतात बाहेर, माझ्यासारखेच. हरकत एका वाक्याची होती: वाड्यात दत्ताचं स्थान आहे, ते परधर्मीयाच्या ताब्यात जाऊ नये.

इथे थांबून मला माझ्या पिढीबद्दल लिहिलं पाहिजे. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत आम्ही मराठी लोक वाडी, रावपुरा, बाजवाडा सोडून कारेलीबाग, मांजलपूर, वाघोडिया रोडला गेलो. पार्किंग हवं होतं, संडास घरात हवा होता, आणि भीती होती, ती तिसऱ्या क्रमांकाला सांगायची. मुसलमान कुटुंबं तांदलजाकडे गेली, विशेषतः २००२ नंतर. त्या वर्षी याच शहरात उस्ताद फैयाज खाँच्या मजारीची नासधूस झाली. ज्यांना बडोदे सरकारने दरबारात सन्मानाने ठेवलं, ज्यांचं गाणं ऐकायला आमचे आजोबा रात्र रात्र जागले, त्यांची कबर. बाबांनी त्या दिवशी रेडिओ लावला नाही आणि जेवलेही नाहीत. पण बाबांनी मला मांजलपूरची जागा घ्यायला लावली तीही त्याच वर्षी. आमच्या सोसायटीत एकही मुसलमान घर नाही. तिथे अशांत धारो लागू नाही, लागायची गरजही पडली नाही. बावीस वर्षांत मी हा प्रश्न एकाही सभेत विचारलेला नाही. जुन्या शहरात दोन समाज भिंतीला भिंत लावून राहत होते, तिथे परवानगी लागते. जिथे ते एकमेकांना दिसतच नाहीत, तिथे सगळं शांत म्हणून नोंदलेलं आहे.

एक लाखाचा फरक

१५ एप्रिल २०२३ पासून गुजरातेत जंत्री दुप्पट झाली. आमची जागा एका रात्रीत ३६ वरून ७२ लाखांवर गेली. सौदा ७१ चा. म्हणजे एप्रिलच्या आधी जो भाव जंत्रीच्या जवळजवळ दुप्पट होता, तो आता एक लाखाने कमी ठरला, आणि हरकतवाल्यांना दुसरा मुद्दा मिळाला: किंमत वाजवी नाही.

चाचांच्या मुलाने एका फोनवर ७३ लाख कबूल केले. दस्तावेजाची ४.९ टक्के स्टॅम्प ड्युटी आता ७३ वर भरावी लागणार होती, त्यालाही तो तयार होता. रक्कम बदलली म्हणून चौघांचे सोगंदनामे नव्याने करायचे होते. काकांनी पुण्याहून पाठवला. काकूने केला. मी केला. आत्याने केला नाही.

आत्या

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि फाइलमध्ये त्याबद्दल फक्त दीड ओळ आहे.

दोन सोगंदनाम्यांच्या मधल्या पाच महिन्यांत गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बायका कारेलीबागेत आत्याकडे तीनदा जाऊन आल्या. त्या तिच्या लहानपणच्या मैत्रिणी. भांडायला आल्या नव्हत्या. येताना चिवडा आणला, जाताना पाया पडल्या. म्हणाल्या, ‘दादांच्या पादुका कुणाच्या हातात देतेस गं?’ दादा म्हणजे माझे आजोबा. तिसऱ्या वेळी त्यांतल्या एकीने ८२ ची आठवण काढली. त्या रात्री आपण माडीवर बसून कुणाचा धावा केला होता, असं विचारलं. आत्याचं ते अकरा दिवसांचं बाळ आज चाळिशीत आहे, कॅनडात असतं.

मी तिच्याकडे गेले तेव्हा कोरा सोगंदनामा देवापुढे ठेवलेला होता.

‘आत्या, तू चाचांना घाबरतेस का?’

‘अगं, त्यांना कशाला घाबरू? त्यांच्याकडे किल्ली मीच दिली ना.’

‘मग?’

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘सही करायला माझी ना नाही. पण केल्यावर मला गुरुवारी त्या गल्लीत पाऊल टाकता येणार नाही. चाचा येऊ देतील, पण या येऊ देणार नाहीत.’

कायद्याच्या कल्पनेत धाक समोरच्या समाजाकडून येतो. राजीखुशी म्हणजे परक्याने दडपण आणलेलं नाही, असं तो धरून चालतो. इथे दडपण आलं ते आपल्या माणसांकडून, चिवड्याच्या डब्यातून, आणि ते विकायला लावणारं नव्हतं, न विकायला लावणारं होतं. असं दडपण नोंदवायला कोणत्याही नमुन्यात रकाना नाही. आत्याने कचेरीत पत्र दिलं, की पादुकांची जागा विक्रीतून वगळल्याशिवाय माझी संमती नाही. ती संमती तिची होती का? चुलत आजोबांचं वाक्य मला तेव्हा फार आठवलं.

आठ बाय दहा

काकांनी तोडगा काढला. औदुंबराखालची आठ फूट बाय दहा फूट जागा पोटहिस्सा करून आमच्या नावावर ठेवायची, बाजूने तीन फुटांची वाट सोडायची, बाकीचा वाडा विकायचा. मला तो इतका सोपा वाटला, की मी त्याच संध्याकाळी नकाशा घेऊन दुकानात गेले. मला वाटलं होतं, चाचांचा मुलगा लगेच हो म्हणेल.

त्याने नकाशा टेबलावर पसरला, वाटेवरून बोट फिरवलं. ही वाट त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जात होती.

‘ताई, आज तुमचे गुरुजी येतात. आत्या येतात. मला काही अडचण नाही. आणखी वीस वर्षांनी या वाटेने कोण येईल, ते तुम्ही आज सांगू शकाल?’

मला सांगता आलं नाही.

मग तो चांपानेर दरवाज्याच्या दर्ग्याबद्दल बोलला. मे २००६ मध्ये रस्तारुंदीसाठी तिथला जुना दर्गा पाडला गेला, शहर पेटलं, माणसं मेली, आणि पाडकामाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याला त्यातून एवढंच कळलं होतं, की देवाची जागा लहान असो की मोठी, ती कागदावर मोजता येते आणि जमिनीवर येत नाही. आठ बाय दहा फुटांचं मंदिर घराच्या पोटात ठेवून घर विकत घ्यायला तो तयार नव्हता. उलट त्याने सुचवलं, की पादुका तुम्ही सन्मानाने हलवा, मी औदुंबर तोडणार नाही, हे लिहून देतो.

गुरुजींना विचारलं. त्यांनी शास्त्र सांगितलं: विधी करून पादुका दुसरीकडे नेता येतात, गरुडेश्वरला नेल्या तर उत्तमच. आत्या म्हणाली, पादुका हलतील, औदुंबर कसा हलवणार? काकू म्हणाली, पैसे हलत नाहीत त्याचं बोला. तिच्या मुलाची फी भरायची होती आणि या सगळ्यात तिच्या अडचणीची कुणी विचारपूस केली नव्हती. मीसुद्धा नाही.

मला चाचांच्या मुलाचा नकार पटतो. आत्याची अडचण पटते. काकूचा राग तर सरळच आहे. भजनी मंडळातल्या बायकांचं मला पटत नाही, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. त्यांनी देवाची काळजी म्हणून जे मांडलं ते शेजाऱ्याच्या धर्माबद्दल होतं. सोनार ५२ लाखांना घेऊन तिथे दुकान बांधणार होता, औदुंबर तोडूनच बांधणार होता, आणि हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या भावावर एकाही बाईने चिवडा आणला नसता.

दप्तरी

२०२४ च्या उन्हाळ्यात पत्र आलं. एका सहमालकाची संमती नसल्यामुळे अर्ज दप्तरी दाखल करण्यात येतो. चार ओळी. त्यात धर्म नव्हता, हरकतीच्या ४१ सह्यांचा उल्लेखही नव्हता. उद्या कुणी संशोधक या भागातल्या अर्जांचा हिशेब मांडायला बसला, तर आमचं प्रकरण त्याला ‘कुटुंबातील मतभेद’ या खान्यात सापडेल. त्याने ते तिथेच ठेवलं तर त्याची चूक नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी मात्र एवढं शिकावं, की खाना भरण्याआधी त्या चार ओळींच्या मागे किती फेऱ्या आणि किती डबे आहेत ते विचारावं.

चाचांच्या मुलाने त्या दिवाळीत तांदलज्यात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. त्याच्या मुलांच्या शाळेत आता सगळी त्यांच्याच समाजाची मुलं आहेत. लहान मुलगी आमच्या चौकात खेळताना आरतीची दोन कडवी पाठ म्हणायची. बाळपणी ऐकलेलं किती टिकतं मला माहीत आहे, मी चाचांच्या वडिलांची अज़ान झोपेत ओळखायचे.

वाड्याची मागची भिंत उतरवून घेतली. माडी बंद केली. परसात जायचं मागचं दार ढिगाऱ्याने बुजलं आहे, म्हणून आत्याला आता गुरुवारी पुढून, दुकानातून जावं लागतं. चाचा पुठ्ठ्यांचे गठ्ठे बाजूला सरकवून वाट करतात. भजनी मंडळातल्या दोघी त्याच वाटेने येतात. आरती होते. कौलं या पावसाळ्यातही चाचांनीच शाकारून घेतली, पैसे सांगितले नाहीत, मी विचारून दिले. भाडं अजून ६० रुपये आहे. ते वाढवायचं की घ्यायचंच नाही, यावर आमच्या चौघांत मतभेद आहेत.

गेल्या महिन्यात मी तो मोडी कागद चाचांकडे नेला. घड्यांवर तो आता चार तुकड्यांत सुटत होता. त्यांनी हात धुतले, कागद उजेडाकडे धरला, बोटाने कड चाचपली. आता डोळ्यांना नीट दिसत नाही, पण कागदाचा पोत बोटांना कळतो.

‘बेबी, काय लिहिलंय यात?’

मी दांडिया बाजारातल्या गृहस्थांनी लिहून दिलेली नक्कल वाचली. पूर्वेस सरकारी गल्ली, पश्चिमेस सुताराचे घर, दक्षिणेस देवाची विहीर, उत्तरेस तकिया.

‘तकिया?’ चाचांनी मान वर केली. ‘कुठे?’

दुकानाचं तोंड उत्तरेला आहे. आम्ही दोघांनी बाहेर पाहिलं. ओट्यासमोर गटाराचं झाकण, त्यापलीकडे रस्ता, रस्त्यात उभी असलेली भाजीची गाडी.

‘मग रस्त्यात गेला असेल,’ ते म्हणाले.

त्यांनी पातळ जपानी कागदाची पट्टी कापली, खळ लावली, पहिल्या घडीखाली सरकवून कपड्याच्या बोळ्याने हलकेच दाबली. चारही घड्या व्हायला तासभर लागला. मग दोन पुठ्ठ्यांत घालून कागद दाबयंत्रात ठेवला आणि वरचं चाक अर्धा फेरा फिरवलं. ओला आहे, आत्ता न्यायचा नाही, म्हणाले. गुरुवारी आत्याबरोबर ये आणि घेऊन जा.